सर डेरेक बिबी : पदक कोणतं, ‘सर’ कधीपासून, आणि ‘डर्बीशायर’बद्दल काय लिहावं?

नोंदवही :
लिव्हरपूलच्या बिबी लाइनचे अध्यक्ष सर डेरेक बिबी (१९२२–२००२) यांच्यावर मराठीत छोटा चरित्रलेख लिहितोय. तीन ठिकाणी अडलंय. टिपणांत बिबी आडनावापुढे कुठे डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) आहे, कुठे एमसी (मिलिटरी क्रॉस). डेरेक यांचं पदक कोणतं? ‘सर’ हा किताब शौर्यासाठी मिळाला का? आणि १९८० साली बुडालेलं ‘डर्बीशायर’ हे मालवाहू जहाज त्यांच्याच कंपनीचं होतं. त्याबद्दल चार ओळींत अचूक काय लिहिता येईल?

तोफखाना :
डीएसओ वडिलांचं, एमसी मुलाचं. वडील हॅरल्ड बिबी पहिल्या महायुद्धात लढले, डेरेक दुसऱ्यात. दोघेही तोफखान्यातले आणि दोघांनीही पुढे तीच कंपनी चालवली, त्यामुळे गल्लत होते. एमसी हे पदक डिसेंबर १९१४मध्ये सुरू झालं आणि त्या काळी ते कॅप्टन व त्याखालच्या अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरांना मिळे. युद्ध संपलं तेव्हा डेरेक तेविशीचे होते, म्हणजे हिशेब जुळतो.

‘सर’चा शौर्याशी संबंध नाही. हॅरल्ड यांना १९५९ साली बॅरोनेट केलं गेलं. हा किताब पिढीजात असतो. १९८६ साली वडील वारल्यावर तो डेरेक यांच्याकडे आला. म्हणून १९८०च्या प्रसंगात ‘सर डेरेक’ लिहू नका, तिथे नुसतं ‘डेरेक बिबी’.

पडताळणीसाठी लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारी राजपत्र) बघाच, पण दुसऱ्या महायुद्धातल्या एमसीसाठी तिथे बहुधा फक्त नाव आणि तुकडी सापडते. कामगिरीचं वर्णन हवं असेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ ही मालिका चाळा. पहिल्या महायुद्धातल्या शिफारशींचे बहुतेक कागद १९४०च्या बाँबफेकीत जळाले, तेव्हा वडिलांसाठी तुकडीच्या युद्धदैनंदिनीकडे वळा : डब्ल्यूओ ९५. शोधताना वडिलांचं नाव ‘आर्थर हॅरल्ड’ असं पूर्ण टाका.

नाळ-वरामत :
‘डर्बीशायर’ला चार ओळी पुरणार नाहीत, जागा वाढवा. ४४ जीव गेले, त्यांत दोन खलाशांच्या पत्नी होत्या. नेमकं काय झालं हे कळायला घरच्यांना वीस वर्षं झगडावं लागलं.

जहाज स्वॅन हंटरने टीसाइडला बांधलं, १९७६ साली. आधीचं नाव ‘लिव्हरपूल ब्रिज’. लांबी सुमारे २९४ मीटर, ९१,६५५ ग्रॉस टन. समुद्रात गमावलेलं सर्वांत मोठं ब्रिटिश जहाज. कॅनडातून जपानमधल्या कावासाकीला दीड लाख टनांहून जास्त लोहखनिज नेताना ९ सप्टेंबर १९८०च्या सुमारास ऑर्किड टायफूनमध्ये बुडालं. मदतीचा एकही संदेश आला नाही.

पहिल्या चौकशीने ‘निसर्गाच्या तडाख्यात सापडलं’ एवढंच म्हटलं. १९९४ साली सुमारे चार किलोमीटर खोलीवर अवशेष सापडले. पुन्हा उघडलेल्या चौकशीचा न्या. कोलमन यांचा निष्कर्ष २०००चा, तोच वापरा. घटनाक्रम असा : लाटांनी नाळेकडच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या) डेकवरचे व्हेंटिलेटर आणि हवेचे पाइप मोडले, तिथून बोसन स्टोअर (नाळेतली सामानाची कोठी) आणि पुढच्या जागांत हळूहळू पाणी भरलं, नाळ खाली गेली, तशा पहिल्या हॅचवर (माल भरायच्या तोंडावर) अधिक जड लाटा कोसळू लागल्या, त्या हॅचचं झाकण फुटलं आणि मागोमाग नंतरच्या हॅचचीही. १९६६च्या भाररेषा करारात (जहाज किती भरावं हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात) या झाकणांना दर चौरस मीटरला १.७५ टन भार धरला होता. तो अपुरा ठरला. त्यात लोहखनिज जड, वजनाच्या मर्यादेत ते होल्डचा (मालाच्या कोठाराचा) थोडाच भाग व्यापतं. उरलेल्या पोकळीत पाणी घुसलं की जहाज सावरायला वेळच मिळत नाही.

एक चूक टाळा. ‘बोसन स्टोअरचं झाकण खलाशांनी नीट बंद केलं नव्हतं’ हा त्याआधीच्या तज्ज्ञांचा निष्कर्ष होता आणि कोलमन यांनी तो फेटाळला. मेलेल्या माणसांवरचा हा ठपका मराठीत पुन्हा छापला जाऊ नये.

परिणामही लिहा, कारण बल्क कॅरिअरवर (खनिज, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर) काम करणाऱ्या आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसांचा याच्याशी रोजचा संबंध आहे. सोलास (समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय) करारातल्या बाराव्या प्रकरणाच्या बाराव्या नियमानुसार २००४पासून होल्डमध्ये अर्धा मीटर पाणी चढताच अलार्म वाजायला हवा, आणि पुढच्या कोरड्या जागांत डेकपासून ०.१ मीटरवरच. ‘डर्बीशायर’च्या ब्रिजला पुढे पाणी भरतंय हे सांगणारी अशी यंत्रणा नव्हती.

बंदरकाठ :
कंपनीबद्दल दोन वाक्यं हवीत : स्थापना १८०७, लिव्हरपूल ते रंगून प्रवासी सेवा, आणि मुंबईला पलटणी आणणारी ‘लँकेशायर’, ‘सॉमरसेटशायर’सारखी जहाजं. १९६२ साली समुद्रमार्गे सैन्यवाहतूक थांबली. डेरेक यांच्या काळात कंपनी बल्क आणि गॅस वाहतुकीकडे, नंतर तरंगत्या निवासी बार्जकडे वळली.

नोंदवही :
आभार. १९८०च्या परिच्छेदातला ‘सर’ काढला. झाकणाचं वाक्य माझ्या मसुद्यात होतंच. ते खोडून कोलमन यांचा निष्कर्ष घातला.