मदत हवी आहे: लोड येताच प्रोसेसर 95 अंशांवर

नमस्कार मंडळी, अकोल्यात राहतो, त्यामुळे मे महिन्यात खोलीच 38-39 अंशांवर असते हे आधीच सांगून टाकतो. तरीही हे प्रकरण फक्त उन्हाळ्याचं वाटत नाही.

डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आय5 12400 प्रोसेसर आहे, सोबत आलेलाच कूलर. नुसता ब्राउझर उघडा असला तरी 58-60 अंश. व्हिडिओ रेंडरला (एडिट करून अंतिम फाइल बनवायला) लावला की दोन-तीन सेकंदांत थेट 95, मग क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली येतो आणि पंखा मिक्सरसारखा ओरडतो. मर्यादा 100 अंशांची आहे हे माहीत आहे, पण रोज तिच्या काठावर चालवायची इच्छा नाही.

ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून पाहिली, फरक जेमतेम दोन अंशांचा. म्हणजे हवा खेळत नाही हे कारण नसावं. धुळीमुळे तापमान हळूहळू चढतं. इथे एकदम उडी मारतंय, म्हणून कूलर नीट टेकत नसल्याचा संशय आहे. कूलर बोर्डाला अडकवणाऱ्या चारपैकी एक प्लास्टिकची पिन जरा सैल वाटते.

दुसरी शंका बायोसची, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जची. या प्रोसेसरची मूळ पॉवर 65 वॉट, टर्बोत (जास्तीच्या वेगात चालताना) 117. माझ्या बोर्डाने ही पॉवरची मर्यादा काढून टाकलेली दिसते. ती 65 वर आणली तर रेंडरचा वेळ किती वाढेल? कोणी करून पाहिलंय का?

आणि पिनांचं काय करू? मागून पट्टी लावून स्क्रूने बसणारा टॉवर कूलर दोन हजारांच्या आत सुचवा. लिक्विड कूलिंग नको.