चर्चा: जेंटामायसिन (किडनीला इजा करू शकणारं अँटिबायोटिक) चालू असताना किडनीसाठी पुनर्नवा द्यावी का?

खलबत्ता: द्यावी, असं माझं मत. जेंटामायसिन किडनीच्या प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या (गाळलेलं द्रव परत शोषणाऱ्या नळीच्या) पेशींत मेगॅलिन या प्रथिनावाटे शिरतं, लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत) साठतं आणि पेशी मारतं. उंदरांमध्ये पुनर्नवेच्या मुळांचा अर्क २०० ते ४०० मिग्रॅ/किलो पाजल्यावर ही इजा कमी दिसते. एवढा पुरावा असताना हात बांधून का बसायचं?

नेफ्रॉन: आधी हिशोब करा. उंदराचा (रॅटचा) मिग्रॅ/किलो डोस माणसाला लावताना ६.२ ने भागतात. २०० चे झाले ३२. ६० किलोच्या माणसाला रोज १.९ ग्रॅम सुका अर्क. मुळांतून अर्काचा उतारा १० टक्के धरला तर १९ ग्रॅम मुळं! त्यात पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार भरपूर. लघवी कमी झालेल्या रुग्णाचं पोटॅशियम चढलं तर किडनीआधी हृदय दगा देईल.

खलबत्ता: तोच भागाकार विषालाही लावा की. उंदराला जेंटामायसिन १०० मिग्रॅ/किलो देतात, म्हणजे माणसाचे १६. प्रत्यक्षात आपण दिवसाला ५ ते ७ देतो. विष कमी, तर अर्कही कमी पुरेल.

नेफ्रॉन: पुरेल हे कुणी मोजलंय? शिवाय पुनर्नवा मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी. फायदा अर्काचा की नुसत्या वाढलेल्या लघवीचा, हे सलाईनचा वेगळा गट ठेवल्याशिवाय कळणार नाही. तो गट बहुतेक जण ठेवतच नाहीत.

पिंजरा क्र. ४: दोघांनीही प्रयोगाची मांडणी तपासावी. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून सिस्प्लॅटिनवर (किडनीला इजा करणारं कॅन्सरचं औषध) तपासला तर निकाल फुकट: डीएमएसओ स्वतःच फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे रेणू) टिपतं, आणि दोन्ही एकत्र आले तर सिस्प्लॅटिन निकामी करतं. ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या (घट्टपणा आणणारा पदार्थ) द्रावणात कालवून पाजा, आणि नुसतं तेच पाजलेला गटही ठेवा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) एन्झाइम पद्धतीने मोजा. रंगावरून मोजणाऱ्या जुन्या जाफे पद्धतीत इतर रंगद्रव्यं घोळ घालतात. इजा लवकर पकडायची तर लघवीतलं किम-१ (ट्यूब्यूलला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) बघा. आणि अर्क विषाच्या आधीपासून पाजत असाल, तर किडनी बिघडल्यावर आलेल्या रुग्णाला तो निष्कर्ष लावू नका.

खलबत्ता: मान्य, पण त्यासाठी वनस्पतीच बाद का?

नेफ्रॉन: बाद नाही, ओळख तपासा. पुनर्नवेच्या नावाखाली विषखपरा ही दिसायला सारखी दुसरी वनस्पतीही विकली जाते. बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी ॲरिस्टोलोकिया ही किडनीला विषारी वनस्पती आली आणि किडन्या कायमच्या गेल्या. १९९३ मध्ये ते उघड झालं. तोवर रुग्णाला जेंटामायसिनचा दिवसातून एकदाच डोस, पुढच्या डोसआधी रक्तातली पातळी १ मिग्रॅ/लिटरखाली आणि कोर्स शक्य तितका छोटा. याला उंदीर लागत नाही.

खलबत्ता: ते कराच. पण मुळं ओळख पटवून घेतली आणि पोटॅशियम रोज मोजलं, तर रुग्णांवर छोटी चाचणी करायला तुमचा विरोध कशाला?