अनुभव धागा: संगणकावरच्या खिडक्या बदलताना तुमचा हात कुठे जातो?

मी भाषांतरं करते. मूळ पीडीएफ, अनुवादाची फाईल, दोन शब्दकोश, मेल, असा आठ-दहा खिडक्यांचा पसारा कायम उघडा. बरीच वर्षं ऑल्ट-टॅब या कळांवर भागवलं. दोनच खिडक्यांत ये-जा असेल तर त्याहून झटपट काही नाही. पण तिथला क्रम ताज्या वापराचा. तिसरी खिडकी उघडली की सगळं पुढेमागे होतं, मग दर वेळी नजरेने शोधा. तेवढ्यात जुळत आलेलं वाक्य निसटतं, याचा मला फार त्रास व्हायचा. शेवटी उबुंटूवर (माझी लिनक्स प्रणाली) जागाच नेमून दिल्या: पहिल्या वर्कस्पेसवर (म्हणजे खिडक्या ठेवायच्या वेगळ्या आभासी जागेवर) मजकूर, दुसरीवर कोश, तिसरीवर मेल. आता कोश हवा म्हटलं की हात आपसूक उजव्या बाणाच्या कळीकडे जातो. तुमची पद्धत काय? सवय मोडली असेल तर तेही लिहा.

प्रतिसाद: मी आयथ्रीवाला (लिनक्सवर कीबोर्डने खिडक्या मांडायचा प्रोग्राम). सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि आकडा, बस्स. १ टर्मिनल, २ एडिटर, ३ ब्राउझर, ९ वर गप्पा. १ वरून ९ वर जाताना मधलं काही ओलांडावं लागत नाही. शिवाय दोन मॉनिटर असले तर प्रत्येकावरची वर्कस्पेस स्वतंत्रपणे बदलते. ग्नोममध्ये (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) मूळ सेटिंग ठेवली तर फक्त मुख्य पडदा बदलतो, दुसरा आहे तसाच राहतो. मला ते जमत नाही.

प्रतिसाद: सवय मोडलेला मी! ग्नोम ३ आलं २०११ मध्ये, तेव्हापासून वर्कस्पेस एकाखाली एक. मार्च २०२१ च्या ग्नोम ४० मध्ये त्या शेजारी-शेजारी आल्या. महिनाभर मेल 'खाली' आहे असंच वाटायचं. सुपर-पेजडाउन तेव्हाही चालायचं, आजही चालतं, त्यानेच तारलं. टचपॅडवर तीन बोटं आडवी सरकवणं मात्र आता इतकं अंगवळणी पडलंय की उभी मांडणी परत नको.

प्रतिसाद: मॅकवर ताज्या वापरानुसार डेस्कटॉपचा (तिथल्या वर्कस्पेसचा) क्रम आपोआप बदलण्याची सेटिंग असते. ती आधी बंद करा. जागा हलत राहिली तर हाताने लक्षात तरी काय ठेवायचं?

प्रतिसाद: मी शिक्षिका. प्रोजेक्टर जोडण्याआधी विंडोज-कंट्रोल-डी दाबून नवा डेस्कटॉप उघडते आणि तिथे फक्त धडा ठेवते. मुलांचे गुण, घरचे मेल पहिल्यावर राहतात. विंडोज १० पासूनची ही सोय माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांना ठाऊकच नव्हती.

प्रतिसाद: बाबांचं वय ७२. त्यांना टास्कबारवर नाव वाचूनच क्लिक करायचं असतं. सगळ्या फायली एका चित्राखाली गोळा झाल्या की 'माझं पत्र गेलं' म्हणून घाबरतात. बटणं वेगवेगळी, नावासकट दिसतील अशी सेटिंग करून दिली, तेव्हापासून त्यांचा फोन येत नाही. वर्कस्पेस त्यांना मी कधीच शिकवणार नाही.

धागाकर्ती: आयथ्रीवाल्यांचं वाचून ग्नोमच्या मल्टिटास्किंग सेटिंगमध्ये वर्कस्पेसची संख्या चारवर पक्की केली आणि कीबोर्डमध्ये प्रत्येकीला आकडा दिला. सुपर-१ आधी डॉकमधलं (ॲपच्या चित्रांच्या पट्टीतलं) पहिलं ॲप उघडायचं, ते काढावं लागलं. कोश आता सुपर-२. बोट अजून बाणाकडेच जातंय.