नाथसागरावर आकाश धरलं की चेहरा काळा, चेहरा धरला की आकाश पांढरं. काय करावं?

हौशी_पैठणकर:
रामराम मंडळी. चुलत बहिणीचं लग्न ठरलंय आणि तिचं प्री-वेडिंग मी करायलोय, म्हणजे घरातला फुकटातला फोटोग्राफर मीच. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स ३५ एमएम एफ १.८, मित्राचा एक स्पीडलाइट (वेगळा फ्लॅश) अन् तो दुरून पेटवायचा साधा रेडिओ ट्रिगर. परवा ट्रायल म्हणून साडेपाचला नाथसागराच्या काठाला गेलो, सूर्य पाण्याकडं कललेला, ढग असे की बघतच राहावं, दोघांना पाण्याकडं पाठ करून उभं केलं आणि तिथंच गाडी अडली. चेहऱ्यावर एक्सपोजर धरलं तर मागं नुसता पांढरा कागद. आकाशावर धरलं (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ १.८, शटर १/२००० सेकंद) तर ढग एक नंबर पण माणसं कोळसा. दाजी स्क्रीन बघून म्हणले, लग्नाआधीच तोंड काळं केलंत का आमचं 😀

मग फ्लॅश लावला तर १/४०० ला फोटोत आडवी काळी पट्टी यायली, जवळजवळ अर्ध्या फोटोत फ्लॅश लागलाच नाही. शेवटी थर्माकोलचा शीट रिफ्लेक्टर म्हणून धाकट्या भावाच्या हातात दिला तर वाऱ्यानं तो थेट पाण्यात, अन् भाऊ गुडघाभर पाण्यात त्याच्या मागं. खरं शूट पुढच्या रविवारी आहे. दोन्ही एका फोटोत येतं का, का सरळ ॲपमधी आकाश बदलून टाकू?

स्टुडिओवाला_परभणी:
ॲपचं आकाश नका टाकू भाऊ, केसांच्या कडेला लगेच कळतंय, आणि पाण्यात वेगळंच आकाश दिसायलंय हे तर आजीला पण कळतं.

आधी पट्टीचं. डी५६०० चा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅश पूर्ण फोटोवर पडेल असा सगळ्यात जलद शटर, १/२०० आहे. त्याच्यावर गेलं की शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा बंद व्हायला निघतो, फ्लॅशचा झटका तेवढ्या फटीतूनच सेन्सरवर पडतो. हाय स्पीड सिंक (त्याहून जलद शटरला फ्लॅश चालवायची सोय) या कॅमेऱ्यात नाहीच, त्यामुळं मेन्यूत शोधत बसू नका. साधा ट्रिगर असला की कॅमेऱ्याला फ्लॅश लावलाय हे कळतच नाही, म्हणून त्यानं तुम्हाला १/४०० वर जाऊ दिलं.

आता हिशोब. तुमचं आकाश एफ १.८ ला १/२००० वर बसलं ना, मग तेच आकाश एफ ५.६ ला १/२०० वर बसतंय, उजेड तितकाच. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ ५.६, १/२००, आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. आकाश पसंत पडलं की त्या सेटिंगला हात लावू नका, माणसं काळी दिसू द्या, ती आता फ्लॅशनं उजळायची. फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, बाजूला ४५ अंशात, डोक्याच्या थोडा वर, दीड-दोन मीटरवर. जास्त झाला तर पॉवर कमी करा, कमी पडला तर आधी स्टँड जवळ आणा, कारण दोन मीटरवरून एक मीटरवर आणलं की उजेड चौपट होतो, बॅटरी न खाता.

एक गोष्ट घरीच करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. गच्चीवर कुणाला तरी संध्याकाळी उभं करा, एकच फ्लॅश पॉवर ठेवून एक फोटो १/२०० ला आणि एक १/५० ला काढा. आकाश दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजळेल, चेहऱ्यात फार फरक पडणार नाही. शटरनं आकाश हलतं, फ्लॅशच्या पॉवरनं चेहरा हलतो, अन् ॲपर्चर फिरवलं की दोन्ही हलतात. मला हे कळायला दोन लग्नाचे सीझन गेले, तोपर्यंत सगळं टीटीएलवर (कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो तो मोड) सोडून देवाचं नाव घ्यायचो.

लातूरची_ताई:
बरोबर आहे सगळं, पण मी म्हणते फ्लॅश काढायच्या आधी घड्याळ बघा ना. पैठणच्या बाजूनं उभं राहिलं की पाणी पश्चिमेला येतं. म्हणजे संध्याकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागं, सकाळी तुमच्या पाठीमागं. सकाळी साडेसात-आठला तीच जागा, तीच माणसं उभी करा, कोवळं ऊन सरळ चेहऱ्यावर आणि मागचं आकाश सूर्याच्या विरुद्ध दिशेचं म्हणून आपोआप निळं. चेहरा आणि आकाश जवळपास एकाच एक्सपोजरला बसतं, ना स्टँड ना ट्रिगर. फक्त नवरीला उठवायचं काम तुमचं 😄

आणि रॉ मधे (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा. आकाश फुटणार नाही (नुसतं पांढरं होणार नाही) इतपत फोटो काळसर ठेवा, डी५६०० च्या रॉ मधून सावली बरीच वर येते, पण पांढरं पडलेलं आकाश काही केल्या परत येत नाही. प्लेबॅकमधे हायलाइट्स चालू करा, फुटलेला भाग लुकलुकतो. आणि पुढं एप्रिल-मेमधे कुणी बोलावलं तर आकाशाच्या नादी लागूच नका, आपल्याकडं तेव्हा धुरळ्यानं आकाशच पांढरं असतं, कुठली सेटिंग निळं करणार.

बीड_बायपास:
एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळी काच) लावा की राव. ५२ एमएमचा एनडी८ घ्या, एफ १.८ वरच काढा, बॅकग्राउंड पण ब्लर आणि फ्लॅश पण कमी पॉवरवर चालतो.

स्टुडिओवाला_परभणी:
@बीड_बायपास मालक, ब्लरचं खरंय, पॉवरचं नाही. एनडी लेन्सच्या तोंडावर आहे, तो आकाशासारखाच फ्लॅशचा उजेड पण कापतो. एनडी८ म्हणजे तीन स्टॉप, दोन्हीकडचे. एफ ५.६ ला जेवढी पॉवर लागते तेवढीच लागणार. आणि ढग दाखवायचेत तर ब्लर कशाला पाहिजे?

बीड_बायपास:
हाव, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी उगंच आयएसओ वाढवत बसायचो.

हौशी_पैठणकर:
मंडळी, काल परत जाऊन आलो. सकाळचं जमलं नाही, दाजी आठच्या आत उठत नाहीत हे आत्ताच कळलं बहिणीला. संध्याकाळी एफ ५.६, १/२००, फ्लॅश हाफ पॉवर, त्याला उजेड पसरवायची छत्री लावून दीड मीटरवर. आकाश आलं!! ढगाची एक एक कड दिसायलीय, चेहरे पण उजळले. वाऱ्यानं छत्री पतंगासारखी ओढायली म्हणून स्टँडला पाण्याचा पाच लिटरचा कॅन बांधला. सूर्य खाली गेल्यावर शटर १/१०० वर आणलं, फ्लॅश तसाच ठेवला, तरी चेहरे सारखेच आले, तेव्हा परभणीवाल्या भाऊंचं म्हणणं पुरतं कळलं.

दोनच अडचणी. बहिणीनं पैठणी नेसली होती, पदराच्या जरीवर पांढरे डाग पडलेत. आणि मागं सगळं सोनेरी पण चेहरे निळसर, दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे.

लातूरची_ताई:
पदरावरची जर आरशासारखी वागते. फ्लॅश पदराच्या बाजूला असला की तुमच्याकडंच चमकतो, स्टँड दुसऱ्या खांद्याकडं न्या नाहीतर पदर थोडा वळवून धरायला सांगा. निळसरपणाला फ्लॅशच्या तोंडावर हाफ सीटीओ जेल (हलका नारिंगी पारदर्शक कागद) लावा, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग) डेलाइटवर ठेवा.

हौशी_पैठणकर:
जेल इथं मिळत नाही ताई. स्टेशनरीच्या दुकानातला पिवळा जिलेटिन कागद चालतो का?

लातूरची_ताई:
चालतो, पण हळदीचे फोटो वेगळे काढायची गरज पडणार नाही. संभाजीनगरहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून मागवा, रविवारला वेळ आहे अजून.