पॅक-१२ फुटली: गद्दारी की रोकडा व्यवहार?

पोर्टलंडकर:
अमेरिकेत विद्यापीठांचे संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात; पॅक-१२ ही पश्चिमेकडची कॉन्फरन्स. ऑगस्ट २०२१. टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं बिग-१२ कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये निघाली, तशी एसीसी (अटलांटिक कोस्ट), बिग टेन आणि पॅक-१२ या तीन कॉन्फरन्सची तंतरली. लगोलग तिघांची 'अलायन्स', म्हणजे एकमेकांना साथ द्यायची युती, जाहीर झाली. ४१ विद्यापीठं, पण कागदावर सही एकाचीही नाही, सगळं शब्दावर. ३० जून २०२२ ला त्याच बिग टेननं पॅकमधून यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं उचलली. ऑगस्ट २०२३ मध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टनही तिकडेच गेली, बाकीची इतरत्र पांगली. पॅकमध्ये उरली दोनच: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ही गद्दारीच, दुसरा शब्द नाही.

आकडेमोड:
अहो, गद्दारी कसली? २०१० मध्ये टेक्सास-ओक्लाहोमासाठी गळ टाकून बसली होती ती पॅकच. ते लागले नाहीत, पण कोलोरॅडो बिग-१२मधून ओढून आणलंच. २०२१ मध्ये बिग-१२ खिळखिळी झाल्यावर हेच म्हणाले, आम्हाला विस्तार करायचा नाही. त्याच बिग-१२नं मग टीव्हीचा करार आधी उरकून घेतला. पॅकच्या हाती आला ॲपलचा प्रस्ताव: सामने मुख्यतः स्ट्रीमिंगवर, आणि कमाई वर्गणीदार किती मिळतात त्यावर. ओरेगन-वॉशिंग्टन बिग टेनमध्ये टीव्हीच्या पैशाच्या जेमतेम अर्ध्या वाट्यावर गेली, यावरून काय ते समजा.
आणि बीज १९८४ चं आहे. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी खटला लढवून टीव्ही हक्कांवरची एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या देशव्यापी संघटनेची मक्तेदारी सुप्रीम कोर्टात मोडली. तेव्हापासून ज्याचा प्रेक्षक मोठा, त्याची चलती.

नेटजवळची:
हिशेब (अमेरिकन) फुटबॉलचा, भुर्दंड बाकीच्या खेळांना. फुटबॉलवाले आठवड्याला एक सामना खेळतात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींनी लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला जायचं आणि परत येऊन परीक्षा द्यायची! पॅकमधली स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं विद्यापीठ) तर 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावर बसून! शिवाय यूसीएलए आणि कॅल एकाच सरकारी विद्यापीठाची दोन अंगं. एकानं उडी मारली, दुसऱ्याचं नुकसान झालं, म्हणून रीजंट्सनी (विद्यापीठाच्या नियामक मंडळानं) यूसीएलएला वर्षाला १ कोटी डॉलर कॅलला द्यायला लावले. म्हणजे चुकलं हे घरच्यांनाही कळतं.

आकडेमोड:
प्रवासाचं मान्य. पण फुटबॉलचा पैसा आटला तर तुमच्या व्हॉलीबॉलचा खर्च कोण उचलणार?

नेटजवळची:
तो पैसा त्यांच्यापर्यंत पोचतो हे गृहीत धरताय. कोचला काढताना कोट्यवधी मोजतात, ते कुठून येतात?

पोर्टलंडकर:
मागे राहिलेल्या दोघांबद्दल कोणीच बोलत नाही.

आकडेमोड:
बोलू की, भाऊ. कोर्टात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सचा ताबा मिळवला, शाबास. २०२४ च्या मोसमात सामने नव्हते, ते माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सनं दिले. त्या करारात कलम होतं: आमचे संघ पळवलेत तर दंड भरा. त्याच सप्टेंबरमध्ये यांनी बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि पाठोपाठ यूटा स्टेट पळवली, आणि दंडच बेकायदा म्हणून माउंटन वेस्टवर उलटा दावा ठोकला.

पोर्टलंडकर:
जगायला दुसरी वाट होती का त्यांना?

आकडेमोड:
यूएससीनंही हेच विचारलं असतं.