कस्टरची शेवटची लढाई: ऐतिहासिक चित्र की बिअरची जाहिरात?

बोरूबहाद्दर
25 जून 1876. अमेरिकेच्या मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर आणि त्याच्या हाताखालचे दोनशेहून अधिक घोडेस्वार संपवले. 1896 पासून सेंट लुईसच्या अन्हायझर-बुश या बिअर कंपनीने या लढाईचं रंगीत छापील चित्र गावोगावच्या बारमध्ये टांगायला दिलं. प्रती लाखाच्या वर गेल्या. खाली ठळक कंपनीचं नाव.

चित्रात कस्टर लांब केस मोकळे सोडून तलवार परजतोय. प्रत्यक्षात मोहिमेआधी त्याने केस बारीक केले होते आणि पलटणीने तलवारी मागे तळावरच ठेवल्या होत्या. काही योद्ध्यांच्या हातात तर चक्क आफ्रिकेतल्या झुलूंसारख्या ढाली! याला 'ऐतिहासिक चित्र' म्हणणं मला तरी जमत नाही. तुमचं काय?

उंटावरचा शहाणा
अजिबात पटलं नाही. मूळ चित्र कंपनीने काढून घेतलेलंच नाही. कॅसिली ॲडम्स या चित्रकाराने खरे सू (लाकोटा ज्यांच्यात मोडतात ते) लोक आणि गणवेशातले घोडेस्वार समोर उभे करून सोळा फुटी कॅनव्हास रंगवला, तो तिकीट लावून गावोगाव दाखवण्यासाठी. धंदा बसला नाही, चित्र एका बारमालकाला विकलं गेलं. त्याचंही दिवाळं निघालं आणि येणेकऱ्यांपैकी बिअर कंपनीच्या पदरात हे पडलं. कंपनीने ते पुढे सातव्या घोडदळाला, म्हणजे कस्टरच्याच पलटणीला, देऊन टाकलं. 1946 च्या आगीत जळालं. तलवार ॲडम्सच्याच चित्रात आहे. मग जाहिरातवाल्यांच्या नावाने खडे का फोडायचे?

बोरूबहाद्दर
कारण बारमध्ये लागलं ते ॲडम्सचं नव्हतंच. कंपनीने ऑटो बेकरकडून ते नव्याने काढून घेतलं. ढाली त्याच्या. आणि छपाईच्या प्लेटांवर अनेक जणांना एकदम काम करता यावं म्हणून त्याचं चित्र कापून तुकडे केले, नंतर पुन्हा जोडले! घाई कसली होती ते यावरून कळतं.

पोस्तवाली आजी
अरे बाबांनो, आमच्या घरात महाराज पहिल्यांदा आले ते वाण्याने दिवाळीला दिलेल्या कॅलेंडरवरून. पायाशी दुकानाचं नाव आणि 'उधारी बंद'. म्हणून काय आम्ही महाराजांना तेलाची जाहिरात समजलो? जे भिंतीवर असतं तेच पोरं बघतात. संग्रहालयात कोण जातंय?

बोरूबहाद्दर
आजी, तिथेच तर दुखतं. तुमच्या भिंतीवर तुमचाच माणूस होता. त्या बारच्या भिंतीवर लाकोटा कोण? डोक्याची कातडी सोलणारा राक्षस. 1868 च्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख त्यांचा होता, 1874 मध्ये तिथे सोनं असल्याची बातमी आणली ती कस्टरच्याच मोहिमेने. बिअर पिणाऱ्याला यातलं काय दिसणार?

नदीकाठ
दोघेही मूळ मुद्दा चुकताय. लढाईत स्वतः असलेला लाकोटांच्या मिनिकोंजू शाखेचा रेड हॉर्स याने 1881 मध्ये कागदावर 42 चित्रं काढली. पडलेले सैनिक, पडलेले घोडे, आपल्या लोकांचेही मुडदे. टेकडीवरचा एकटा वीर त्यात नाही. पण तीही कुणीतरी मागितली म्हणूनच काढलेली: लष्करातल्या एका डॉक्टरने. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलं म्हणून चित्र खोटं, हा नियम टिकत नाही. डॉक्टरने 'काय पाहिलंस?' विचारलं, कंपनीला गिऱ्हाईक हवं होतं. फरक तेवढाच, आणि तो पुरेसा आहे.

उंटावरचा शहाणा
हे मान्य. तरी एक सांगतो. लढाईच्या जागेवरच्या स्मारकाला असलेलं कस्टरचं नाव 1991 मध्ये काढलं, ते इतकी वर्षं तो वाद लोकांच्या डोक्यात जिवंत राहिला म्हणून. त्यात या बारवाल्या चित्राचाही हात आहे, उलटा का होईना.

बोरूबहाद्दर
श्रेय द्यायचंच तर नाव बदलावं म्हणून भांडलेल्या आदिवासींना द्या, बिअरवाल्यांना कशाला? आणि त्या झुलू ढालींवर अजून एकानेही तोंड उघडलेलं नाही.

पोस्तवाली आजी
उधारी बंद.