स्वतःशी बरं बोलायची सवय कुणी लावून घेतलीय का? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
आज दादरच्या पुलावर एक काकू जिना चढत होत्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आणि तोंडाने चालू, "चला कुसुमताई, एवढाच राहिला." सोबत कुणी नव्हतं, कुसुमताई त्या स्वतःच! एकदम आजी आठवली. कराडजवळच्या घरी पहाटे चुलीपुढे बसताना ती स्वतःलाच हाक मारायची, "द्वारके, ऊठ. भाकऱ्या झाल्या की सुटलीस." भाकरी टम्म फुगली की "ब्येस!", तेही स्वतःलाच. आम्ही पोरं हसायचो. आजोबा गेले तेव्हासुद्धा कोपऱ्यात बसून रडता रडता म्हणाली, "द्वारके, म्हशी वाट बघतायत." आणि उठली.

मी मात्र दिवसभर स्वतःला वेंधळी, मठ्ठ, विसरभोळी म्हणत असते. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याचं तोंड बघितलं नसतं. ज्यांना रोजची सवय लागलीय त्यांनी लिहा. कधी बोलता, काय बोलता, टिकलं का?

आलेपाक
वाचतेय. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, कुकर लावलाय.

पेठेतला_पाहुणा
एमपीएससी करताना भिंतीवर 'मी अधिकारी होणारच' चिकटवलं होतं. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि त्या कागदाकडे बघवेना. रूममेटनेच फाडला. मग रोज रात्री वहीत एकच ओळ लिहायला लागलो, आज खरंच झालं ते. 'पंचायतराज संपवलं.' 'झोप येत होती तरी अभ्यासिकेत बसलो.' याला मन नाही म्हणू शकत नाही. अधिकारी झालो नाही, बँकेत आहे. वही चालू आहे.

तिरफळ
@पाहुणा, 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं घोकायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच वाईट होतं त्यांना ते घोकून आणखी वाईट वाटलं. द्वारकाआजींचं मात्र बरोबर होतं. मिशिगनच्या ईथन क्रॉस यांच्या 2014 च्या प्रयोगांत, भाषणाआधी 'मी' न म्हणता स्वतःला नावाने संबोधून बोलणाऱ्यांना ताण कमी जाणवला आणि भाषणंही बरी झाली.

आलेपाक
म्हणजे मी स्वतःला अगं म्हणू की अहो? :)

सोनचाफा
आमचे हे आरशासमोर स्वतःला 'साहेब' म्हणतात. दाढी करताना. घरात बाकी कुणी म्हणत नाही ना!

ठोकळा
शुभ बोल रे नाऱ्या! आमच्या जुन्या ऑफिसात सकाळी सगळ्यांना उभं करून 'मी आनंदी आहे' म्हणायला लावायचे. पगार थकलेला. तेव्हापासून असं काही ऐकलं की मी खिसा चाचपतो.

सोनचाफा
सासूबाई म्हणायच्या वास्तू तथास्तु म्हणते, वाईट बोलू नये. तांदूळ 'संपले' नाही म्हणायचं, 'वाढले' म्हणायचं. निघताना 'जाते' नाही, 'येते'. आणि त्याच बाई दिवसभर स्वतःला "मेलीचं माझ्या लक्षच नसतं". तांदळाची काळजी जास्त!

कृष्णाकाठ
सोनचाफा, अगं माझी आई डिट्टो हेच!!

न्यूजर्सीकर_मावशी
मी चाळिशीनंतर गाडी शिकले, तीही इथे परदेशात. हायवेवर शिरताना अजूनही मोठ्याने मराठीत बोलते. "आरसा बघ. जागा आहे. घाल." गोडबिड काही नाही, पण हात थरथरत नाहीत. मागच्या सीटवरून मुलं ओरडतात, "आई घाल!" त्यांना बाकी मराठी फारसं येत नाही, हे मात्र पक्कं येतं.

मोरपंखी
किमो चालू असताना जो येईल तो 'पॉझिटिव्ह राहा' म्हणायचा. इतका राग यायचा. मी स्वतःला म्हणायचे, "आज नुसती पडून राहा, चालेल. पेज दोन घोट गेली तरी पुष्कळ." त्यावर दिवस निघाले. आता तब्येत ठीक आहे, पण सकाळी पाय जमिनीवर टेकवले की अजून विचारते, "आज काय झेपेल बाई तुला?" जेवढं उत्तर येईल तेवढंच करते. घरातल्यांना सवय झाली.

पेठेतला_पाहुणा
ताई, काळजी घ्या. हे मी वहीत उतरवून घेतोय.

आलेपाक
मोरपंखी __/\__

तिरफळ
सवय लावायची तर आधीच्या एखाद्या कामाला बांधा. दात घासताना मला जमलं नाही, तोंडात फेस. चहा उकळेपर्यंत जमलं, तसंही तिथे उभंच राहायचं असतं. आलं किसताना कालचं एक बरं झालेलं आठवायचं, बस. ज्या दिवशी काहीच आठवत नाही त्या दिवशी "चहा तरी केलास" चालतं.

ठोकळा
मोबाईलच्या अलार्मला नाव देता येतं. मी 'उठलास, शाब्बास' ठेवलंय. खिसा चाचपायची गरज नाही, फुकट आहे. बायको म्हणते उठत तर नाहीस, शाब्बास कसली.

आलेपाक
विषयांतराबद्दल सॉरी, पण ती आजीची टम्म भाकरी डोक्यातून जात नाहीये. माझी कधीच फुगत नाही, कडा चिरतात. काय चुकतं?

सोनचाफा
पीठ जुनं असेल गं, विरी गेली की चिरतेच. ताजं दळून आण आणि उकळत्या पाण्यात मळ.

कृष्णाकाठ
आणि मळताना कंटाळू नकोस, तिथेच सगळे गडबड करतात.

आलेपाक
जुनं पीठ दोन किलो आहे अजून :(

सोनचाफा
थालीपिठात ढकल. कांदा जरा सढळ हाताने घाल, कुणाला कळायचं नाही.